टाकी पाण्याची, मग माशांची

'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही घोषणा आरोग्य खात्यानं महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या भिंतींवर रंगवून ठेवली आहे. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पींचं पैदास केंद्र असतं. म्हणजे सिमेंटची एक टाकी, वर जाळी आणि आत इवल्याशा माशांचा बुजबुजाट. त्यामुळे मुळशी तालुक्यातल्या मुठा गावात कुणाच्या घरी पोरांनी फिश टँकचा हट्ट धरला, तर मासे मिळवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. शंभर-दोनशे रुपये जोडीचे रंगीत मासे पुण्याहून पिशवीत भरून, पिरंगुटवरून मुठा घाट चढून-उतरून आणता येतात. ते आठवडाभरात उलटे होऊन तरंगायला लागतात तेव्हा दोष दुकानदाराला दिला जातो. बऱ्याचदा तो त्याचा नसतो, पाण्याचा असतो.

मुठा गावात पाणी एका प्रकारचं नाही. गावाच्या वरच्या अंगाला मुठा नदीवर टेमघर धरण आहे. त्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तर खाली पुणे शहरात त्याच्या पावपटीएवढाच. कातळावरून धावत आलेलं हे पावसाचं पाणी मऊ असतं, त्यात क्षार फारसे उतरलेले नसतात. बोअरचं पाणी मात्र काळ्या दगडाच्या भेगांतून वर्षानुवर्षं झिरपलेलं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो, तेव्हा पाणी जड आहे हे घरातल्या बाईला प्रयोगशाळेत न जाता कळलेलं असतं. टँक लावण्यापूर्वी पहिला प्रश्न तिलाच विचारावा.

या एका उत्तरावर माशांची निवड ठरते. निऑन टेट्रा, डिस्कस हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले मासे. बोअरच्या पाण्यात ते झुरतात. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना उलट जडच पाणी मानवतं. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा आणि त्रिनिदादसारख्या बेटांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो डासांच्या अळ्या खायला म्हणून भारतात आला आणि इथलाच होऊन गेला. हौशी लोक त्याला नाक मुरडतात, पण मुठ्यासारख्या गावात पहिला टँक गप्पींचाच असावा असं माझं स्पष्ट मत आहे. गोल्डफिश नको. तो काचेच्या गोल भांड्यात शोभून दिसतो खरा, पण नीट वाढला तर वीतभर होतो, दहा-पंधरा वर्षं जगतो आणि घाणही तशीच भरपूर करतो.

टाकी केवढी घ्यायची? दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच ही सुरुवातीला योग्य. घनफुटाला सुमारे 28 लिटर धरले तर हिच्यात काठोकाठ 70 लिटर मावतात, प्रत्यक्षात 60 भरायचे. पाणी, काच आणि तळाची खडी मिळून वजन 80 किलोच्या पुढे जातं. भिंतीत ठोकलेल्या फळीवर किंवा टीव्हीच्या टेबलावर ही टाकी ठेवायची नाही. तळाखाली थर्मोकोलचा तुकडा घालायचा, म्हणजे टेबलाच्या उंचसखलपणानं काचेला तडा जात नाही. नवीन टाकी आधी अंगणात भरून एक दिवस तशीच ठेवावी, गळणार असेल तर तिथंच गळू दे. खिडकीतलं ऊन थेट पडेल अशी जागा टाळावी, नाहीतर पंधरा दिवसांत काच हिरवी होते. दिवा रोज सहा ते आठ तास पुरतो. लहान टाकी सोपी असा समज आहे, तो साफ चुकीचा. पाणी जितकं कमी तितकी त्यातली गडबड वेगानं वाढते.

तळाला घालायची खडी विकत आणायची गरज नाही, काळ्या दगडाची बारीक खडी चालते. पण आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक असतात, त्यांच्याकडे नीट बघावं. त्यातले काही कॅल्साइटचे असतात आणि ते आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करतात. खडीवर लिंबू पिळावं. फसफसलं की तो दगड बाहेर.

आता मुख्य भागाकडे येऊ. मासा श्वासावाटे, कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो. काचेच्या चार भिंतींत तो साठतो आणि कल्ले जाळतो. निसर्गात त्याची विल्हेवाट लावणारे जिवाणू आहेत. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, त्यानं माशाचं रक्त तपकिरी होतं आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातही तो गुदमरतो. नायट्रेट मात्र बराच सौम्य, वनस्पती तो खाऊन टाकतात. दुसऱ्या टप्प्याचं श्रेय अनेक वर्षं नायट्रोबॅक्टर या जिवाणूला दिलं जात होतं. 1998 मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासून दाखवलं की हे काम प्रामुख्यानं नायट्रोस्पायरा करतो. 2015 मध्ये आणखी गंमत झाली. दोन्ही टप्पे एकट्यानं उरकणारे नायट्रोस्पायरा सापडले आणि त्यातले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच मिळाले.

हे जिवाणू दुकानातून आणलेल्या नव्या काचेत नसतात. ते खडीवर, स्पंजवर, काचेवर हळूहळू वस्ती करतात आणि त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. म्हणून टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडणं म्हणजे त्यांना स्वतःच्याच घाणीत कोंडणं. टाकी भरावी, फिल्टर चालू करावा, रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहावं आणि वाट बघावी. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खायला मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचे थेंबवाले संच मिळतात. दोन्ही आकडे आधी चढतात, मग शून्यावर येतात. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागला की मासे आणायचे. घाई असेल तर ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा एक तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. दुधाला विरजण लावावं तसं हे. शेजारणीकडून आणलेल्या कवडीभर दह्यानं जे काम होतं, तेच इथे त्या मळकट स्पंजानं होतं. तो वाटेत सुकता कामा नये, एवढंच.

मुठ्यात या बाबतीत एक अडचण जास्तीची आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक निरुपद्रवी आणि एक जहाल. त्यांचं प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर एकूण अमोनियातला शेकडा अर्ध्याहून किंचित जास्त भाग जहाल रूपात असतो. सामू 8 झाला की तोच शेकडा पाचाच्या वर जातो. जड पाण्याचा सामू बहुधा वरच्याच अंगाला असतो. म्हणजे मऊ पाण्यात जेवढी चूक खपून जाते तेवढी बोअरच्या पाण्यात खपत नाही. गप्पी पाणी मानवतं म्हणून तगतो, पण अमोनिया त्यालाही मानवत नाही. साठ लिटरमध्ये दहा-बारा गप्पी पुष्कळ झाले. नर एक आणि माद्या दोन-तीन या हिशेबानं घ्यावेत, नाहीतर नर माद्यांना सतत पळवून बेजार करतात. मादी महिन्याभराच्या अंतरानं पिल्लं घालते आणि नराचं बीज कित्येक महिने अंगात साठवून ठेवते. त्यामुळे फक्त माद्या आणल्या तरी टाकी भरतेच. उरलेल्यांचं काय करायचं याचा विचार आधीच करून ठेवावा, त्याबद्दल शेवटी बोलू.

गावात नळाला पाणी येत असेल तर त्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, तिच्यातून क्लोरीन सुटतो. पाऊस सुरू झाला, नदी गढूळ झाली, साथीची भीती वाटू लागली की मात्रा वाढते. माणसाच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावा असा भारतीय मानकाचा दंडक आहे, आणि माशाच्या कल्ल्यांना त्याहून पुष्कळ कमी क्लोरीनही झोंबतो. आरोग्यसेवक किंवा गावचा जलसुरक्षक ज्या बाटलीनं ओटी टेस्ट घेतो, तीच टँकवाल्याच्या उपयोगाची आहे. परीक्षानळीत नळाचं पाणी घेऊन वरून थेंब टाकले की पिवळा रंग येतो. जितका गडद तितका क्लोरीन जास्त. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं की क्लोरीन उडून जातो. तातडी असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट वापरावं, जे पूर्वी फोटो धुणाऱ्यांकडे असायचं. दहा लिटरच्या बादलीला तांदळाच्या दाण्याएवढे दोन-तीन खडे पुरतात. खडे विरघळल्यावर पुन्हा ओटी टेस्ट करावी, पाणी पिवळं झालं नाही म्हणजे झालं.

मुठा खोऱ्यातल्या माणसाला शहरातल्या टँकवाल्यापेक्षा एक मोठी सोय आहे, ती म्हणजे फुकटचं मऊ पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये पन्हाळीखाली पिंप लावलं तर एका दुपारी ते भरून वाहतं. पहिल्या पावसांनी छप्पर धुऊन जाऊ द्यावं, मगच पाणी धरावं. पिंपाला घट्ट झाकण हवं, नाहीतर डासांची पैदास आपणच करून ठेवू. नुसतं पावसाचं पाणी मात्र टाकीत वापरू नये. त्यात सामू सांभाळून धरणारे क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे तो एकाएकी कोसळू शकतो. बोअरचं निम्मं आणि पावसाचं निम्मं असं मिश्रण केलं की बार्ब, डॅनिओ, रासबोरा यांनाही चालेल असं मध्यम पाणी तयार होतं.

फिल्टरच्या बाबतीत मी जुन्या मताचा आहे. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्यावा. दिसायला ओबडधोबड, पण वीज गेल्यावर त्यातले जिवाणू बंद डब्याच्या फिल्टरमधल्यांपेक्षा जास्त वेळ तग धरतात, कारण त्यांच्याभोवती टाकीचं मोकळं पाणी असतं. वीज जाणं हा मुळशीत अपवाद नव्हे. वळवाच्या वादळात झाड तारेवर पडलं की रात्र अंधारात जाते. अशा वेळी एका बारीक गोष्टीनं घात होतो. एअर पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असला तर वीज जाताच पाणी नळीतून उलटं खाली यायला लागतं, पंपात शिरतं, जमिनीवर पसरतं आणि वीज आली की पंप जळतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर खिळ्याला टांगावा किंवा नळीत उलट-झडप बसवावी. ती झडप दहा-वीस रुपयांत मिळते. सेलवर चालणारा छोटा पंपही घरात असू द्यावा. उन्हाळ्यात त्याची गरज जास्त, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम विरघळतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. थंडीत मुठ्याला पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि टाकीचं पाणीही गार पडतं. गप्पींना 60 वॅटचा हीटर पुरे. पाणी बदलताना त्याचा प्लग काढायला विसरू नये, उघडा पडलेला तापलेला हीटर तडकतो.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. नळी तळाच्या खडीत खुपसून मळ ओढून घ्यायचा आणि तेवढंच, साधारण त्याच तापमानाचं, क्लोरीन गेलेलं पाणी घालायचं. स्पंज धुवायचा तो काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा पिळून. नळाखाली धरला की क्लोरीननं जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. 'स्वच्छतेची आवड' असलेली माणसं सगळी टाकी रिकामी करून, खडी घासून, काच चकचकीत करून ठेवतात आणि दोन दिवसांनी मासे का मेले असं विचारतात. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तर माशांचं काही बिघडत नाही, उलट पाणी सुधारतं.

पाणवनस्पती लावाव्यात, त्या टाकीची निम्मी कामं करतात. 1850 मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी दोन गोल्डफिश, काही गोगलगायी आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पात्यांची वनस्पती एकत्र ठेवून पाणी न बदलता मासे जगवून दाखवले होते. ती व्हॅलिस्नेरिया दख्खनच्या संथ पाण्यात आपसूक उगवते. हायड्रिला तर तळ्यातळ्यात आहे. विकतच्या नाजूक, लाल पानांच्या वनस्पतींमागे लागण्यात पैसा जातो आणि हाती कुजका पाला येतो.

गुरंढोरं असलेल्या घरात एक पथ्य कसोशीनं पाळायला हवं. गोचिडांसाठी जनावरांना लावायची बरीच औषधं, भातावरच्या काही फवारण्या आणि डास मारायचे स्प्रे हे पायरेथ्रॉइड गटातले असतात. गाईला त्यांनी काही होत नाही, माशांना मात्र अत्यल्प मात्राही पुरते. औषध लावून आलेला हात धुतला तरी त्या दिवशी टाकीत घालू नये. खोलीत स्प्रे मारायचा झाला तर टाकी झाकून एअर पंप थोडा वेळ बंद ठेवावा, कारण पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलत असतो.

नव्या माशाला दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवावं. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येण्याचा रोग बहुधा नवा पाहुणाच आणतो. तो एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेखाली असताना औषधाला दाद देत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथं फुटून शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि ती नवा मासा शोधत पोहत असतात, तेव्हाच ती मारता येतात. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की उपचार थांबवणं ही हमखास फसगत. गप्पींच्या टाकीत लिटरला दोन ग्रॅम साधं मीठ हळूहळू विरघळवून, पाणी 30 अंशांपर्यंत चढवून आणि हवा जास्त सोडून दोन आठवडे नेट धरावा.

नदी दाराशी असताना तिथलेच मासे का पाळू नयेत, असं विचारलं जातं. इथल्या माशांची ओळख जगाला फार जुनी आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी 1839 च्या सुमारास दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यात मुळा-मुठेतली खुडरी म्हणजे महसीर होती आणि दगडाला चिकटून राहणारा मल्याही होता. या दोघांची शास्त्रीय नावं आजही त्यांच्या मराठी नावांवरून चालतात. पण महसीर मीटरभर वाढतो, आणि मल्याला खळखळतं, थंड, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं, जे दोन फुटांच्या टाकीत देता येत नाही. ओढ्याकाठी दगडावर बसून तो जास्त चांगला दिसतो.

आता उरलेल्या माशांचं. वर्षभरात गप्पी शंभरावर जातात, सकर मासा फूटभर होतो, पोरांचा उत्साह आटतो, आणि कुणीतरी म्हणतं, नदीत सोडून देऊ, पुण्यच लागेल. मुठा गाव नदीच्या वरच्या अंगाला आहे. इथे सोडलेलं खाली खडकवासल्याला जातं, ज्याचं पाणी पुणं पितं, तिथून संगम, भीमा आणि उजनी. उजनीत सकर माशानं मच्छीमारांची जाळी फाडून त्यांना मेटाकुटीला आणलं आहे. तो दक्षिण अमेरिकेचा मासा, आपल्या घरच्या टाक्यांमधूनच असा पसरला. गप्पींनीही पुण्यातल्या घाण झालेल्या नदीत कधीच तळ ठोकला आहे. नको झालेले मासे दुकानदाराला परत द्यावेत, तो गप्पी तरी आनंदानं घेतो, किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत. कापून काढलेल्या पाणवनस्पती उन्हात वाळवून उकिरड्यात टाकाव्यात, गटारात किंवा ओढ्यात नव्हे. टाकीतून काढलेल्या मळकट पाण्यात नायट्रेट असतो, ते परसातल्या कढीपत्त्याला आणि वांग्यांना घालावं. मीठ किंवा औषध टाकलेल्या काळातलं पाणी मात्र झाडांना नको. ते नदीपासून लांब, पडीक जागी मातीत जिरवावं.